बेवुस्टझाइन : जर्मन भाषेतली जाणीव

(दृश्य : हाले शहर, विद्यापीठाचा परिसर)

जर्मनीतलं हाले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं क्रिस्टियान वोल्फ गणित आणि तत्त्वज्ञान शिकवत. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन. वोल्फ मात्र वर्गात जर्मन बोलत. १७२०च्या सुमारास ईश्वर, विश्व आणि मानवी आत्म्यावरचा आपला ग्रंथही त्यांनी जर्मनमध्येच काढला. त्यासाठी शब्द हवे होते, आणि ते त्यांनी साध्या बोलण्यातून उचलले. 'बेवुस्ट' म्हणजे ठाऊक असलेलं, 'झाइन' म्हणजे असणं. वोल्फ हे दोन शब्द सुटे लिहीत. पुढे ते जुळले आणि नाम झालं : बेवुस्टझाइन, म्हणजे जाणीव.

वोल्फ यांना पुढे हाले सोडावं लागलं. ख्रिस्ती धर्माचा प्रकाश न पोचताही चिनी लोकांनी उत्तम नीती घडवली, असं १७२१च्या एका भाषणात ते बोलले. धर्मशास्त्राचे प्राध्यापक खवळले. हाले तेव्हा प्रशिया या राज्यात होतं. १७२३ साली तिथल्या राजाचा हुकूम निघाला : ४८ तासांत प्रशिया सोडा, नाहीतर फाशी.

(दृश्य : जुन्या ग्रंथांची पानं)

शब्द पुढे जर्मन तत्त्वज्ञांकडे गेला : कांटकडे गेला, हेगेलकडे गेला. १८५९ साली मार्क्सने लिहिलं, की माणसांची जाणीव त्यांचं असणं ठरवत नाही; उलट त्यांचं सामाजिक असणं त्यांची जाणीव ठरवतं. मराठीत हे पटतं, पण जर्मनमध्ये ते कानालाच कळतं, कारण तिथं 'बेवुस्टझाइन'च्या पोटातच 'झाइन' आहे. इतकं नेमकं वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना काहीतरी सांडणारच.

(दृश्य : रुग्णवाहिका, रस्ता)

आणि हाच शब्द अपघाताच्या जागीही ऐकू येतो. जखमी माणूस 'बाय बेवुस्टझाइन' आहे, म्हणजे शुद्धीवर आहे. 'बेवुस्टलोस' म्हणजे बेशुद्ध. आपण शुद्ध, भान, जाणीव असे वेगळे शब्द वापरतो. जर्मन माणूस बहुतेक वेळा या एकावर भागवतो. या शब्दाच्या आधी 'झेल्ब्स्ट', म्हणजे स्वतः, जोडलं की हेगेलच्या ग्रंथात स्वतःची जाणीव, आणि रोजच्या बोलण्यात सरळ आत्मविश्वास!

जर्मन दंडसंहितेच्या २०व्या कलमातही तो आहे. कृत्याच्या वेळी जाणिवेत खोलवर बिघाड झाल्यामुळे आपण करतोय ते चूक आहे हे कळण्याची, किंवा कळूनही स्वतःला आवरण्याची कुवत आरोपीत नसेल, तर त्याला दोषी धरता येत नाही. ती कुवत होती की नव्हती, हे अखेर न्यायाधीशाला ठरवावं लागतं.