आठवं रीळ

नमस्कार श्रोतेहो. जेवणं उरकली असतील, भांडी मोरीत पडली असतील. पडू देत दहा मिनिटं.

परवा आमच्या घरात भांडण झालं. कारण, भूत. म्हणजे पिक्चरमधलं. थोरल्यानं मोबाईल टीव्हीला जोडला आणि एक पिक्चर लावला. ओळखीचा नट नाही, गाणं नाही. एक घर, चार माणसं, आणि माळ्यावर काहीतरी. कुणा नवख्या पोरांनी थोडक्या पैशात उरकलेला. संपला तेव्हा सून म्हणाली, "आज मी लाईट चालू ठेवून झोपणार." आणि आमचे चिरंजीव म्हणाले, "दोन तास वाया गेले. भूत होतं कुठं?" पिक्चर एकच, कोच एकच, शेंगदाण्यांची ताटली पण एकच. तरी एकाची झोप उडाली आणि एकाला जांभया. भांडण वाढायला लागलं तसं मला आमच्या गावचं आठवं रीळ आठवलं. ते सांगणारच आहे. पण आधी जरा महाबळेश्वरला जाऊन येऊ.

स्वस्तातलं भूत आणि आपला सातारा जिल्हा यांचं नातं जुनं आहे. १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. रामसे बंधूंचा. बाप आणि सात मुलगे. कुणी दिग्दर्शन करायचं, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी फिल्मची कापाकापी. बाहेरच्या माणसाला पगार द्यायची वेळच कमी. हे सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला आलं आणि तिथंच मुक्काम ठोकून पिक्चर करून गेलं. सेटचा खर्च वाचला, जुन्या इमारती तयार होत्या, आणि धुक्याला काही भाडं पडत नाही. बाकी महाबळेश्वर बघावं ते तसंच, धुक्यात. मे महिन्यात वेण्णा लेकला घोड्यांच्या मागं रांग लावून काय मिळतं, मला अजून कळलेलं नाही. असो. या पिक्चरांना शहरातल्या जाणकारांनी नाकं मुरडली आणि लहान गावांनी गर्दी केली. जाणकार खोटं बोलत नव्हते, आणि गर्दी पण खोटी नव्हती.

आता आठवं रीळ.

मी पाचवीत होतो. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, जत्रेला तंबू आलेला. टुरिंग टॉकीज. खाली जमीन, बाजूला कनात, बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला, मधे दोरी. मागं जनरेटर धडधडतोय. दिवस मावळला की भोंगा सुरू. "आज रात्री ठीक नऊ वाजता, काळीज घट्ट करून या, गरोदर महिलांनी येऊ नये." तेवढं ऐकलं आणि आमची आत्ती म्हणाली, "म्हंजी चांगला असणार."

रविवारचा खेळ. आत्ती, मी, आणि पोत्याची घडी बुडाखाली घ्यायला. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की तंबूत दिवा लागायचा, बिड्या पेटायच्या, पोरं उठून मुतून यायची, मग पुढचं रीळ. अशी सात रिळं झाली. सातव्या रिळाच्या शेवटी नायिका कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते. एक एक पायरी. खाली दार. दाराला कडी. ती कडी काढते. बिजागरी करकरते. आतला उजेड तिच्या तोंडावर येतो, डोळे मोठे होतात, तोंड उघडतं...

आणि दिवा लागला. रीळ संपलं.

त्या दिवशी एक बिडी पेटली नाही. कुणी उठलं नाही. दिवा गेला, मशीन सुरू झालं, आणि पडद्यावर सकाळ. कोंबडा आरवतोय. इन्स्पेक्टर बशीत चहा ओतून पितोय. नायिका खाटेवर बसलेली, आणि तिचे केस पांढरे. डोक्यापासून कमरेपर्यंत, कापसासारखे पांढरे.

तंबूत चिडीचूप. तिनं बघितलं काय? बायकांच्या अंगाला कुणीतरी हळूच म्हणालं, "आगं बया." बस्स. पिक्चर पुढं चालू राहिला, शेवट गोड झाला, पण कुणाचं ध्यान नव्हतं. घरी येताना आत्तीनं माझं मनगट इतकं गच्च धरलेलं की सकाळी बोटांचे वळ दिसत होते. आडाजवळ आलो तर म्हणाली, "तिकडं बघू नगंस." आडाजवळ काही नव्हतं. पण बघू नको म्हटल्यावर जे दिसतं, ते मला दिसलं.

झालं होतं असं, की आठ नंबरच्या रिळाचा डबा मागच्या गावाहून येताना एसटीच्या टपावरच राहिला होता. मॅनेजर काही बोलला नाही. तिकिटं विकून झालेली. सातानंतर नऊ जोडलं आणि चालू केलं.

सोमवारी डबा मिळाला. सोमवारच्या खेळाला आमचे तात्या गेले. आत्ती पण गेली, कारण रात्रभर तिला झोप नव्हती आणि काय आहे ते एकदा बघायचंच होतं. मी तिच्या मागं. पायऱ्या, कडी, बिजागरी, मोठे डोळे. दिवा लागला, दिवा गेला, आणि आज आठवं रीळ आलं. तळघरात भूत उभं. रबरी तोंड, गळ्यापाशी त्या रबराची कड सुटलेली, आणि अंगावर केस म्हणून काळं घोंगडं पांघरलेलं. ते दोन पावलं पुढं आलं तसा पुढच्या ओळीतून एका धनगर म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी शांत, बाजारात माल बघावा तसा.

"आरं, घोंगड्याला कसर लागलीया."

तंबू खाली कोसळायचा बाकी होता. पुढची दहा मिनिटं ते भूत मान धरत होतं, दारं फोडत होतं, आणि माणसं पोट धरून लोळत होती. तात्या वर्षभर सांगत होते, "असला विनोदी पिक्चर जन्मात बघितला न्हाय."

गाव दोन झालं. रविवारवाले आणि सोमवारवाले. पारावर रविवारवाले म्हणायचे, असं भूत होणं नाही. सोमवारवाले म्हणायचे, भुताला आधी घोंगडं तरी धड घ्या. दोघांचं पटणार कसं? पिक्चरचं नाव एक, तिकीट एक, पण मधली अकरा मिनिटं वेगळी. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, हे मला त्या तंबूच्या ऑपरेटरनंच सांगितलं. रविवारवाल्यांनी ती अकरा मिनिटं आपापली भरली. ज्याच्या मनात मुंजा होता त्यानं मुंजा बसवला, ज्याच्या मनात हडळ होती त्यानं हडळ.

पण खरी गंमत आत्तीची. तिनं दोन्ही खेळ बघितले होते. तिचा निकाल असा, की सोमवारी मॅनेजरनं भलत्याच पिक्चरचं रीळ जोडलं. "खरं रीळ ह्यांच्याकडं न्हाईच," म्हणाली, "ते दाखवायची छाती न्हाय त्यांची."

तर श्रोतेहो, एवढंच सांगायचं होतं. दाखवलं नाही म्हणून भ्यालो. पुन्हा सांगतो, दाखवलं नाही म्हणून भ्यालो, आणि दाखवलं तसं हसलो. पैसे नसले की भूत दाखवता येत नाही, आणि डोकं असेल तर तेच कामी येतं.

अमेरिकेत १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. तीन पोरं कॅमेरा घेऊन जंगलात जातात आणि वाट चुकतात. दिवसभर सरळ चालतात आणि संध्याकाळी त्याच ओंडक्यापाशी येतात. आता आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल, ह्याला चकवा म्हणतात. सगळ्या भुतांत चकवा स्वस्त. त्याला रबर लागत नाही, घोंगडं लागत नाही, एकच जागा दोनदा दाखवली की काम झालं. त्या पिक्चरमध्ये चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. शूटिंग आठ दिवसांचं, कॅमेरे नटांच्याच हातात, आणि दिग्दर्शक रात्री त्यांच्या राहुटीबाहेर जाऊन आवाज काढायचे. शूटिंगचा खर्च ६० हजार डॉलरच्या आसपास, आणि जगभरातून कमाई २४ कोटी डॉलरच्या वर. एवढं होऊन थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. निम्मे घाबरले, निम्मे म्हणाले झाडंच दाखवली, आणि काहींना हलत्या कॅमेऱ्यानं मळमळलं. आमच्या सुनेचं आणि मुलाचंच भांडण, फक्त इंग्रजीत.

साताऱ्यात बसून भुतांचं कौतुक करतोय म्हणून कुणी रागावू नका. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर याच गावचे. १९८९ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मला वाटतं पिक्चरचं भूत त्यातल्या त्यात प्रामाणिक. तिकीट काढून फसवतं आणि अडीच तासांनी सोडतं. बुवा सोडत नाही.

आणि एक विनंती. असला पिक्चर भरदुपारी, गॅसवर दूध ठेवून, मोबाईलवर बघू नका, आणि मग भीती वाटली नाही म्हणून बोंब मारू नका. दूध तेवढं उतू जाईल.

आत्ती आता ऐंशीच्या पुढं आहे. परवाच्या भांडणानंतर थोरल्यानं तो तंबूतला पिक्चर मोबाईलवर शोधून काढला. रविवारी गावी गेलो तेव्हा तिच्यापुढं धरला. चष्मा लावून बघत होती. पायऱ्या आल्या. दार आलं. कडी निघाली, बिजागरी करकरली, नायिकेचे डोळे मोठे झाले. आत्तीनं पुरा तळहात मोबाईलवर ठेवला आणि आमच्याकडं बघत म्हणाली,

"उजाडलं की सांग."