सोन्याच्या रेघा: सिएनाची 'माएस्ता'

(दृश्य: अंधाऱ्या दालनात उजळलेलं चित्र)
इटलीतल्या सिएना शहराची ही 'माएस्ता', म्हणजे सिंहासनावर विराजमान मरियेचं चित्र. सिंहासनावर मरिया, मांडीवर बाळ येशू, भोवती देवदूतांची आणि संतांची दाटी. चित्रकार दुच्चो दी बुओनिन्सेन्या.

(दृश्य: मरियेचा चेहरा, अगदी जवळून)
गालाकडे नीट बघा. गुलाबी रंगाखालून हिरवट झाक दिसते आहे. पॉप्लरच्या फळ्यांवर आधी जिप्सम आणि सरसाचं अस्तर चढवायचं, ते घासून गुळगुळीत करायचं. जिथे सोनं हवं तिथे तांबडी माती, तिच्यावर सोन्याचा वर्ख, मग तो घोटून घोटून चकाकवायचा. चेहऱ्याला मात्र पहिला थर हिरव्या मातीचा. त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेला गुलाबी रंग, केसाएवढ्या बारीक रेघांनी.

हा हिरवा थर आला पूर्वेकडून, ग्रीक भाषिक बायझंटाइन साम्राज्यातल्या आयकॉनमधून, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती पूजाचित्रांमधून. १२०४ साली धर्मयोद्ध्यांनी त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल लुटली, आणि तिथल्या कितीतरी पवित्र वस्तू इटलीत आल्या. पुढे सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने या 'ग्रीक पद्धती'ला नाकं मुरडली. पण दुच्चोचा हात घडला तो याच पद्धतीत, हे ठासून सांगायला हवं.

(दृश्य: सिएनाच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग)
दुसरा धागा याच शहरातला. दुच्चोच्या उमेदीच्या काळात शिल्पकार जोव्हान्नी पिसानो इथे दगडात बायबलमधले संदेष्टे कोरत होता. माना वळवणारे, पुढे झुकणारे. फ्रान्सच्या गॉथिक शिल्पाचं वारं त्यांच्यात होतं. आता मरियेच्या झग्याची किनार बघा, सोन्याची ती रेघ कशी वळणं घेत खाली उतरते.

(दृश्य: सिंहासनाचा पायथा, लॅटिन अक्षरं)
इथे प्रार्थना आहे: देवाच्या पवित्र माते, सिएनाला शांती दे, आणि दुच्चोला आयुष्य, कारण त्याने तुला असं रंगवलं.

९ जून १३११. दुकानं बंद, घंटांचा नाद, हातात मेणबत्त्या. सगळं शहर हे चित्र मिरवत कॅथेड्रलमध्ये घेऊन गेलं.

१७७१ मध्ये ते करवतीने कापलं. काही तुकडे लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, माद्रिदला गेले.

(दृश्य: लंडन, नॅशनल गॅलरी)
त्यातला हा एक: डोंगरावर शिष्यांसमोर तेजाने उजळलेला येशू. मरियेच्या झग्यावर किनारीपुरतं असलेलं सोनं इथे येशूच्या वस्त्रभर रेघारेघांनी उतरलं आहे, थेट आयकॉनसारखं. 'माएस्ता'च्या मागच्या बाजूलाही प्रसंग रंगवले होते; त्यांत, पुनरुत्थानानंतरच्या येशूलाही दुच्चोने हेच वस्त्र दिलं. ग्रीक रेघ त्याने राखून ठेवली होती, दिव्य रूपासाठी.