आजीचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंचच्या अगदी पहिल्या पातळीचा, म्हणजे ए-वनचा वर्ग. मुलांना सांगितलं होतं, घरच्या कुणाचाही एक फोटो आणा आणि त्या माणसाबद्दल पाच वाक्यं बोला. एक मुलगी उठली. हातात आजीचा फोटो. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर आणि पदराखालून दिसणारे पांढरेशुभ्र केस. ती म्हणाली, "मा ग्रां-मेर ए ब्लोंद."

ब्लोंद म्हणजे सोनेरी केसांची. मी विचारलं, "अगं, आजीचे केस सोनेरी आहेत?"

"नाही मॅडम, आजी गोरी आहे ना!"

'गोरी'चं तिनं मनात इंग्रजी केलं 'फेअर', फेअरला शब्दकोशात सापडलं 'ब्लों', आणि आजीचे केस सोनेरी झाले. चूक त्या मुलीची नव्हती. आम्ही शिक्षकच मुलांना मराठीतून उचलतो, इंग्रजीचा वळसा घालतो आणि मग फ्रेंचमध्ये सोडतो. हा वळसा बहुतेक वेळा गरजेचा नसतो, हे मला आज तुम्हांला मनापासून सांगायचं आहे.

आपण माणसाचं वर्णन बहुधा वर्णावरूनच सुरू करतो. गोरा, सावळा, गव्हाळ. फ्रेंचच्या पहिल्या धड्यांत येतात ते केस आणि डोळे. 'इल ए ब्रँ' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी काळेभोर किंवा गडद तपकिरी केस येतात. आणि हे केस-डोळे माणसापाशी 'असतात': 'इल आ ले झ्यो न्वार', त्याचे डोळे काळे आहेत. वयही तसंच. इंग्रजीवरून येणारी मुलं हमखास 'इल ए व्हँ' म्हणतात, 'तो वीस आहे'. फ्रेंच माणूस म्हणतो 'इल आ व्हँतां', त्याच्या गाठीला वीस वर्षं आहेत.

आता विशेषणं. इथे मराठी मूल खरं तर श्रीमंत असतं, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. इंग्रजीत मुलगा 'टॉल', मुलगीही 'टॉल'. आपल्याकडे ठेंगणा मुलगा, ठेंगणी मुलगी, ठेंगणं पोर. फ्रेंचमध्येही तेच, फक्त नपुंसकलिंग नाही. उंच मुलगा 'ग्रां', उंच मुलगी 'ग्रांद'. ऐकलंत? पुल्लिंगात शेवटचा 'द' लिहिलेला असतो, पण मुका. स्त्रीलिंगात त्याच्यापुढे एक 'ई' हे अक्षर येतं. ते स्वतः ऐकू येत नाही, पण झोपलेल्या 'द'ला जागं करतं. तसंच बुद्धिमान मुलगा 'अँतेलिजां', मुलगी 'अँतेलिजांत'. म्हणून मी पहिले दोन तास फळ्यावर काही लिहीतच नाही, आधी कानाला सवय होऊ देते. आणि आपल्याकडे जसा 'हुशार' मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो, तशी फ्रेंचमध्येही न बदलणारी विशेषणं आहेत: 'तिमिद' म्हणजे लाजरा किंवा लाजरी, 'मँस' म्हणजे सडपातळ.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो 'त्याचा-तिचा' सांगणाऱ्या शब्दांचा, म्हणजे पुल्लिंगी 'सों' आणि स्त्रीलिंगी 'सा'चा. मुलगा आपल्या मित्राच्या आईबद्दल बोलताना 'सों मेर' म्हणतो, कारण मित्र पुरुष आहे आणि डोक्यात 'हिज मदर' आहे. तेव्हा मी फळ्यावर 'त्याची आई' एवढंच लिहिते आणि मधोमध एक रेघ मारते. 'त्या' सांगतो आई कुणाची. 'ची' सांगते की जी आहे ती आई, म्हणजे स्त्रीलिंगी. इंग्रजीनं यातला फक्त 'त्या' ठेवला. फ्रेंचनं फक्त 'ची' ठेवली. म्हणून त्याची आई असो की तिची, 'सा मेर'च. आणि भाऊ कुणाचाही असो, 'सों फ्रेर'च. आपल्या एका शब्दात दोन्ही भाषांची गुपितं आहेत. हे कळल्यावर मुलांचे चेहरे जे उजळतात, त्यासाठी मी शिकवते.

मराठी कुठे अडवते, तेही सांगायला हवं. आपण बाबांना 'उंच आहेत' म्हणतो, म्हणून मुलं फ्रेंचमध्येही बाबांचं अनेकवचन करतात. फ्रेंचमध्ये एका माणसाबद्दल बोलताना वडील काय नि राष्ट्राध्यक्ष काय, 'इल ए'च. समोरच्याला आदरानं 'वु' म्हणतात, आपल्या 'तुम्ही'सारखं. पण 'वु झेत ग्रां' असं एकाच माणसाला लिहिताना विशेषणाला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही.

विशेषण नामाच्या मागे की पुढे, हा प्रश्न लांबचा. त्यातली एकच जोडी सांगते. 'अँ ग्रांतॉम' म्हणजे थोर माणूस, 'अँनॉम ग्रां' म्हणजे उंच माणूस. फ्रान्सचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल यांची उंची 1.96 मीटर होती, त्यांना दोन्ही लागू पडतं.

आता खेळाकडे येते. फ्रेंच शिकवताना 'की एस', 'कोण आहे हा?' हा खेळ सगळीकडे खेळतात: वर्णन करायचं आणि इतरांनी ओळखायचं. आपल्या वर्गात मात्र तो पहिल्याच मिनिटाला फसतो. सगळ्यांचेच केस काळे, सगळ्यांचेच डोळे काळे किंवा तपकिरी! ओळखणार कसं? मग मी सांगते, केस-डोळ्यांचे रंग सोडा, नीट बघा. कुणाचे केस कुरळे आहेत, 'फ्रिझे'. कुणाला चष्मा आहे, कुणाच्या गालाला खळी पडते. शब्द मी देते, बघायचं काम तुमचं. मग मुलं एकमेकांकडे खरंच टक लावून बघायला लागतात. वर्षभर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या भुवईवर व्रण आहे, हे कुणाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं.

ती आजीवाली मुलगी पुढच्या तासाला पुन्हा उभी राहिली. "एल आ ले शव्हो ब्लां," तिचे केस पांढरे आहेत. "एल ए पतीत," ती ठेंगणी आहे. मग थांबली, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मॅडम, हनुवटीवर तीळ आहे. तिळाला काय म्हणतात?"

'ग्रँ द बोते' म्हणतात. सौंदर्याचा दाणा. आपण तीळ म्हणतो, तोही दाणाच.

ती पाचवं वाक्य हळूहळू, शब्द जुळवत म्हणाली: एल आ अँ ग्रँ द बोते स्यूर ल मांतों.