दगडाचं नाही, दाण्याचं वय काढा

कार्बन डेटिंगवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, सर आमच्या गावात दगडाची जुनी मूर्ती आहे, किती वर्षांची ते सांगाल का? नाही सांगता येत हो. दगड कधी जिवंतच नव्हता. झाड, माणूस, जवाचा दाणा, हे जगतात तोवर हवेतून, अन्नातून कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच एक किरणोत्सारी प्रकार, घेत राहतात, मेले की घेणं बंद, आणि असलेला कार्बन-१४ घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. म्हणजे आपण मोजतो ते वस्तूचं वय नाहीच, कुणाचा तरी मृत्यू कधी झाला ते मोजतो.

प्रवरेकाठच्या दायमाबादच्या प्राचीन वस्तीतला रथ आठवा. १९७४ साली सापडला, बैलजोडी, हाकणारा माणूस, सगळं ब्राँझचं, काय देखणं काम आहे! पण त्यात मोजायला कार्बन नाही आणि तो शिस्तीत खणलेल्या थरात मिळाला नाही, म्हणून त्याच्या काळावर अजून वाद चालू आहे. शिस्तीत खणताना त्याच्या शेजारी मूठभर जळके दाणे मिळाले असते तर... असो.

माझी जुनी खंत सांगतो. विद्यार्थी असताना एका उत्खननात चुलीतला सुंदर कोळसा मिळाला, तीन दिवस ब्रशनं माती काढत बसलो होतो आम्ही, आणि पॅकिंग करणाऱ्यानं फुटू नये म्हणून मायेनं तो कापसात गुंडाळला. कापूस म्हणजे गेल्या वर्षीचं झाड! तंतू असे चिकटले की नमुनाच बाद झाला. साधी फॉइल पुरली असती. साडेतीन हजार वर्षांच्या नमुन्यात ५ टक्के आजचा कार्बन राहिला तर तो साधारण २०० वर्षांनी तरुण दिसतो, आणि ज्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही अशा दगडी कोळशात १ टक्का जरी मिसळला तरी तो ३८ हजार वर्षांचा दिसतो, म्हणजे लाखो-कोटी वर्षं गायब, म्हणून नमुना घेतानाच जपायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, आणि गणित तर अजून सुरूच नाही केलं. पटकन सांगतो. ५७३० ला ०.६९३१ ने, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगनं, भागलं की ८२६७. कोळशात ६६ टक्के कार्बन-१४ उरलाय, तर १ भागिले ०.६६ चा नैसर्गिक लॉग ०.४१५५, गुणिले ८२६७, झाली ३४३५ वर्षं. एवढंच! पण हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नव्हता, म्हणून हा आकडा झाडांच्या वर्षवलयांशी ताडून बघावा लागतो, आणि 'आजपासून' म्हणजे १९५० पासून मोजायचं. लिबी या शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये पद्धत मांडली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात अर्धायुष्य, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, ५५६८ वर्षं धरलं गेलं, लॅब पहिला आकडा अजून त्यावरूनच देतात, गोंधळू नका, ताडताना तो फरक निघून जातो.

शेवटचं. घराच्या तुळईचा कोळसा पाठवू नका. मोठ्या झाडाची आतली वलयं घर बांधायच्या शंभर-दोनशे वर्षं आधीच कार्बन घ्यायची थांबलेली असतात, घर उगाच म्हातारं दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत जव मिळालेत तसे दाणे मिळाले तर ते पाठवा, दाणा एका हंगामाचा असतो.