टक् वाजलं का?

नमस्कार, श्रोतेहो. आज स्टुडिओत येताना मामाचा कॅमेरा बरोबर आणलाय. याशिका इलेक्ट्रो 35, जीएसएन. जपानी, रोलवाला, आणि चांगलाच वजनदार. तासभर गळ्यात राहिला की मान कुरकुरायला लागते.

याच्यात आरसा नाही. खिडकीतून बघायचं, मधल्या पिवळसर चौकोनात माणूस दोनदा दिसतो. समोर आत्या असेल तर दोन आत्या! भिंगाची रिंग फिरवत दोघींची एक केली की फोकस जमला. गंमत अशी की बघायची खिडकी वेगळी, फोटो काढणारं भिंग वेगळं. उजेड मोजणारा डोळासुद्धा वर, खिडकीच्या शेजारी. त्यामुळे भिंगावर टोपण राहिलं तरी कॅमेऱ्याला पत्ता नसतो. भाचीच्या बारशाला मी तसेच अकरा फोटो काढले. निगेटिव्ह कोरी करकरीत. ताई अजून टोमणे मारते.

भिंगातलं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो, 30 सेकंदांपासून 1/500 सेकंदापर्यंत. पण आकडा काही सांगत नाही. फार वेळ लागणार असेल तर पिवळा दिवा, उजेड जास्त झाला तर लाल. बाकी सगळं कानावर. देवघरात समईच्या उजेडात बटण दाबलं की एक बारीकशी 'टिक्'. मग शांतता. हात दाराच्या चौकटीला टेकवून, श्वास रोखून उभं राहायचं, दुसरी 'टिक्' येईपर्यंत.

मूळचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. मी 6 व्होल्टचा अल्कलाइन घालतो. तो बारीक पडतो, म्हणून भोवती कागदाची सुरळी आणि मागे एक स्प्रिंग. सेल संपला तरी हा गडी थांबत नाही बरं का! मुकाट्यानं प्रत्येक फोटो 1/500 वर काढत राहतो. म्हणून घरातून निघताना मागचं बटण दाबून हिरवा दिवा बघायचा.

पावसाळ्यात मात्र चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं, भिंगाला बुरशी लागते. मामानं तेच केलं होतं.

आणि कुणी जुना इलेक्ट्रो विकत घेणार असाल, तर आधी कान द्या. आत रबराचा एक चिमुकला तुकडा असतो. वर्षानुवर्षांनी त्याचा चुरा होतो आणि शटरचं तंत्र बिघडतं. रबर शाबूत असेल तर रोल पुढे सरकवताना 'टक्' वाजतं. थांबा, माईकजवळ धरतो. हं... ऐकलंत?