कौलारू घरातलं होम थिएटर

(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून प्रस्तावना न करता मुद्द्यावर येतो.

होम थिएटर करायचं म्हटलं की आपल्याकडे खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी टीव्ही किती इंची घ्यायचा यावर घरात वादावादी, मग उरलेल्या पैशांत आवाजाचं काहीतरी, आणि सगळं सामान दारात आलं की ते ठेवायचं कुठे हा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. आधी खोली बघा, मग आवाज, मग चित्र. माहितीपत्रकं छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी खोली असते, तिच्यात जमिनीवर गालिचा असतो, छत सपाट असतं, हवा कोरडी असते आणि वीज कधी जात नाही. ती खोली गोव्यात नाही.

आपली खोली कशी असते? चिऱ्याच्या भिंती, त्यांवर गुळगुळीत गिलावा, खाली टाइल्स किंवा जुन्या घरात घोटलेलं लाल सिमेंट, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, वर कौलं नाहीतर स्लॅब. आज घरी गेल्यावर हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एकच टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागे 'झर्रर्र' अशी बारीक शेपटी ऐकू येईल. समोरासमोरच्या दोन कडक भिंतींमध्ये आवाज येत-जात राहतो, त्याची ती शेपटी. सिनेमातल्या प्रत्येक शब्दामागे ती लागते. मग संवाद कळेनात म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि आवाजाबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं. दुप्पट किमतीचा अँप्लिफायर आणला तरी यात काडीचा फरक पडत नाही.

हे कोडं सोडवणारा माणूस म्हणजे हार्वर्डचा वॉलेस सबाईन. १८९५ साली त्याच्याकडे विद्यापीठाने एक व्याख्यानगृह सोपवलं. तिथे बोललेला शब्द पाचेक सेकंद घुमत राही, वक्त्याला काय म्हणायचंय ते कुणालाच कळत नसे. सबाईनने काय करावं? जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री सामसूम झाली की ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या घालायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून त्याचं सूत्र आलं: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. खोलीच्या ध्वनीशास्त्राचा पाया गाद्यांवर घातला गेला आहे, हे मला फार आवडतं.

तुम्हीही तेच करा. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्या गाद्या, गोधड्या, उशा हॉलमध्ये आणा आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना व मागच्या भिंतीला टेकवून उभ्या करा. शक्यतो बायको माहेरी गेलेली असताना. मग आहे त्या टीव्हीवरच एखादा संवादप्रधान प्रसंग लावा. जो फरक कानाला कळेल, तो पैसे टाकून मिळवायचा फरक आहे की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. पटलं तर गाद्या परत खोलीत न्या आणि त्या जागी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरलेली, कापड ताणलेली पॅनेलं लावा, दोन इंच तरी जाडीची. अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी फक्त झुरळांची सोय होते.

इथे आपल्या हवेचा मुद्दा येतो. जून ते सप्टेंबर जाड पडदे आणि गालिचे कुबट होतात, भिंतीला घट्ट चिकटलेल्या प्रत्येक गोष्टीमागे बुरशी धरते. म्हणून पॅनेल भिंतीपासून दोन इंच सोडून टांगायचं. मागून वारा खेळतो, आणि त्या मोकळ्या जागेमुळे पॅनेल खालच्या पट्टीतला आवाजही जास्त शोषतं. एका दगडात दोन पक्षी.

आता खालच्या पट्टीबद्दल, म्हणजे फक्त तो जाड, घुमारदार आवाज (बास) काढणाऱ्या सबवूफर या स्पीकरबद्दल. लोक म्हणतात, 'सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो.' कानाला त्याची दिशा कळत नाही एवढंच त्यात खरं आहे. खोलीची लांबी चार मीटर असेल तर साधारण ४३ हर्ट्झचा आवाज त्या लांबीत बरोबर अडकतो. भिंतींजवळ तो दणाणतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. लांबी-रुंदी-उंची तिन्ही सारखी, म्हणजे दहा बाय दहाची दहा फूट उंच खोली, हे सगळ्यात वाईट, कारण तिन्ही दिशांनी एकच सूर, साधारण ५७ हर्ट्झचा, अडकतो. उपाय थोडा हास्यास्पद आहे पण अचूक आहे. सबवूफर उचलून आपण जिथे बसतो त्या सोफ्यावर ठेवायचा, ठेक्याचं संगीत लावायचं, आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरायचं. जिथे ठेका सुबक आणि एकसारखा ऐकू येईल तिथे खूण करायची. सबवूफरची जागा ती. ध्वनीच्या बाबतीत बोलणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी गणित तेच राहतं.

पर्वरी, मडगावला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वाक्य. रहिवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे सगळ्यात आधी पोचतो तो बासच. पॅनेलं लावून खोलीतलं घुमणं थांबतं, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज नाही.

दुकानात गेलात की डॉल्बी ॲटमॉसचं, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या ध्वनीपद्धतीचं, नाव पहिल्या मिनिटात निघेल. २०१२ मध्ये ते चित्रपटगृहांत आलं, आणि २०१४ पासून डोक्यावरून जाणारा आवाज घरीही मिळू लागला. ५.१.२ मधले ५ म्हणजे भोवतीचे स्पीकर, १ म्हणजे सबवूफर आणि शेवटचा २ म्हणजे ते वरचे स्पीकर. ते छतात बसवायला नकोत म्हणून कंपन्यांनी एक युक्ती काढली: स्पीकर खाली ठेवायचा, तोंड वर करायचं, आवाज छतावर आपटून डोक्यावर येतो. छान युक्ती आहे, पण त्यासाठी छत सपाट, कडक आणि फार उंच नसलेलं लागतं. आपल्या कौलारू घरात वर काय आहे? उतरतं छप्पर, वासे, रिपा आणि फटी असलेली मंगळुरी कौलं. आवाज उतारावर आपटून बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसलेल्या आजोबांच्या डोक्यावर पडेल. कौलारू घरात वर तोंड केलेले स्पीकर घेऊच नका. हवंच असेल तर छोटे स्पीकर वाशांना किंवा भिंतीवर उंच बसवा आणि त्यांची तोंडं बैठकीकडे वळवा. आणि ऐन पावसाळ्यात कौलांवर धो-धो पडत असताना कुजबुजीचा सिनेमा लावायचा हट्ट सोडा. त्या महिन्यांत मारधाड बघावी.

खरं तर बहुतेकांना इतके स्पीकर लागतच नाहीत. सिनेमातले संवाद जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि नऊ नगांच्या स्वस्त संचात सगळ्यात हलका असतो तो नेमका तोच. एवढ्याच पैशांत समोरचे तीन चांगले स्पीकर आणि एक सबवूफर घ्या. मागचे पुढच्या वर्षी येतील. समोरचे डावे-उजवे स्पीकर बैठकीपासून ३० अंशांवर, मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे. आपला सोफा मात्र नेहमी मागच्या भिंतीला चिकटलेला. तो हातभर पुढे ओढला तर मागच्या स्पीकरला जागा मिळते आणि भिंतीजवळचा दणदणाटही कमी होतो.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. तुमच्यातल्या काहींना टेपरेकॉर्डरवरचे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, आकडे आठवत असतील, हातभर डब्यावर १००० वॅट! आता ते उघड कुणी छापत नाही, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: एकच चॅनेल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट) चालू, ६ ओहम (स्पीकरचा विद्युतरोध), १० टक्के विकृती. विचारायचं ते असं: ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झमध्ये, किमान दोन चॅनेल एकदम चालू असताना किती? शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. संवेदनशीलता म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते; ८५ डेसिबलऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतलात तर दुप्पट ताकदीचा अँप्लिफायर घेतल्यासारखंच आहे.

आता चित्र. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, आणि दर नोव्हेंबरनंतर कुणी ना कुणी प्रोजेक्टरची चौकशी करतंच. माझा पहिला प्रश्न: त्या चित्रपटगृहाच्या भिंतींचा रंग बघितलात? प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर तुम्हाला जो काळा दिसतो तो म्हणजे जिथे प्रकाश पडलेला नाही अशी जागा. पांढऱ्या डिस्टेंपरच्या हॉलमध्ये पडद्यावरचाच उजेड भिंतींवरून परत पडद्यावर येतो आणि काळ्याचा करडा होतो. डिजिटल चित्रपटगृहात पडद्याची उजळता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर धरतात. १०० इंची पडदा २.२१ मीटर रुंद असतो, आणि त्याला तेवढी उजळता द्यायला प्रोजेक्टरचा साधारण ४२० ल्यूमेन प्रकाश पुरतो. दिवा जुना होतो, जाहिरातीतले आकडे फुगलेले असतात, म्हणून दीड हजार प्रामाणिक ल्यूमेन म्हणजे चैन. पण हे गणित मिट्ट काळोखाचं. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून बघायचं असेल तर ल्यूमेन वाढवत बसू नका, सरळ टीव्ही घ्या.

आकाराचा हिशेब सोपा आहे. पडदा डोळ्याशी ३० ते ४० अंशांचा कोन करील एवढा असावा. १०० इंचासाठी तीन ते चार मीटर, ६५ इंचासाठी दोन ते पावणेतीन मीटर. मोजपट्टी घेऊन सोफ्यापासून मोजा.

वायरींबद्दल घर बांधणाऱ्यांना सांगतो. गिलावा होण्याआधी भिंतीत दीड इंची पाइप टाका, आत दोरी सोडून ठेवा. आज घातलेली एचडीएमआय पाच-सात वर्षांत कालबाह्य होते, पाइप होत नाही. प्रोजेक्टरपर्यंत अंतर जास्त असेल तर फायबरची एचडीएमआय लागते, आणि तिला दिशा असते. एक टोक यंत्राकडचं, दुसरं पडद्याकडचं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही, आणि ते छत बंद झाल्यावर कळतं. टीव्हीतून आवाज रिसीव्हरकडे, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या डब्याकडे, न्यायचा असेल तर दोन्हीकडच्या एचडीएमआय खाचेवर 'ईआर्क' लिहिलंय ना ते बघा. साध्या 'आर्क'मधून डिस्कवरचा पूर्ण आवाज जात नाही.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, विचारही आत्ताच करा. ज्या भिंतीवर टीव्ही, बहुतेक घरांत तिथेच गणपती बसतो आणि वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली टांगती लाकडी चौकट. छताला प्रोजेक्टर टांगण्याआधी माटोळीची चौकट कुठे येते ते घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. स्पीकर हलवावे लागणारच, तर जमिनीवर त्यांच्या जागांच्या खुणा करून ठेवा.

शेवटी वीज आणि हवा. वळवाच्या विजा होतात तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची व इंटरनेटची तांब्याची वायरही काढा, कारण वीज तिकडूनही शिरते. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक दाब अडवणारं उपकरण, अर्थिंगशिवाय कुचकामी आहे, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. मे महिन्यात त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर स्पीकरमधून 'घर्रर्र' येतं. पावसाळ्यात यंत्रं आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवा, ती स्वतःच्या उबेने कोरडी राहतात. कळंगुट, बाणावलीसारख्या किनाऱ्याकडच्या घरांत वायरीची उघडी टोकं खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडतात. वायर अस्सल तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, आणि टोकं वर्षातून एकदा कापून नवी करा.

एका मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे: जुनं सामान घ्यावं का? रिसीव्हर जुना घेतलात तर एचडीएमआय मागच्या पिढीची निघते, प्रोजेक्टरच्या भिंगात बुरशी असू शकते. ते दोन्ही नवे घ्या. स्पीकर मात्र जरूर घ्या, चांगला स्पीकर वीस वर्षं सहज जातो. जाळी काढून शंकूभोवतीची कडा बघा. रबराची असेल तर उत्तम. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती कुजते. बोटाने हलकेच दाबा, बोटाला काळा चुरा लागला तर जाळी परत लावा आणि दुसरा दाखवायला सांगा.