आम्लाचं नाव कानानं ओळखा

नमस्कार, श्रोतेहो.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी दहावी-अकरावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. घरी मराठी बोलणारी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी. त्यातल्या एका मुलीनं परवा विचारलं, "सर, आजी पापडखाराला खार म्हणते. हिंदीच्या पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली. तुम्ही मराठीत सांगता, क्षार म्हणजे सॉल्ट. मग खरं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. क्षार हा मुळात राखेचा शब्द. सुश्रुतसंहितेत क्षार करण्याची कृतीच दिली आहे: वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवायची, गाळून ते पाणी आटवायचं. क्षारानं भाजलं तर आंबट पदार्थ लावून तो शमवायचा, हेही तिथं सांगितलं आहे. अरबीतला 'अल-कली' शब्दसुद्धा राखेतूनच आला. म्हणजे हिंदी पुस्तक जुन्या अर्थाला धरून आहे, आणि आजीचा पापडखारही त्याच घराण्यातला. मराठी आणि गुजराती पाठ्यपुस्तकांनी मात्र क्षार हा शब्द सॉल्टला दिला. मग बेसला, म्हणजे आम्लाला शमवणाऱ्या अल्कलीसारख्या पदार्थाला, काय म्हणायचं? मराठीनं शब्द घडवला, आम्लारी. आम्ल अधिक अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो पदार्थ करतो काय, ते नावातच आहे. युरोपात 1754 मध्ये रुएल या फ्रेंच रसायनज्ञानं 'बेस' म्हटलं ते पाया या अर्थानं: आम्लाला घट्ट रूप देऊन क्षार घडवणारा पाया.

आता आम्लांच्या नावांकडे वळू. रेडिओवर फळा नाही, सूत्रं लिहून दाखवता येत नाहीत. पण ही नावं कानासाठीच घडवल्यासारखी आहेत. नावाचा शेवट नीट ऐका.

क्षाराच्या नावाचा शेवट 'एट' असेल, तर त्याच्या आम्लाचा शेवट 'इक'. नायट्रेटचं नायट्रिक, कार्बोनेटचं कार्बोनिक, सल्फेटचं सल्फ्युरिक. क्षार 'आइट' असेल, तर आम्ल 'अस'. नायट्राइटचं नायट्रस, सल्फाइटचं सल्फ्युरस. आणि नुसतं 'आइड' असेल, तर सुरुवातीला 'हायड्रो' लागतं आणि शेवटी 'इक': क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक, सल्फाइडचं हायड्रोसल्फ्युरिक. मुलं इथे हमखास सल्फ्युरिक आणि हायड्रोसल्फ्युरिक एकच समजतात. एक म्हणजे बॅटरीतलं जळजळीत आम्ल, दुसरं म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू पाण्यात विरघळवून झालेलं दुबळं आम्ल. हायड्रोजन क्लोराइडचंही तसंच. कोरडा वायू असेपर्यंत ते नाव, पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल.

'इक' म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू, अशी एक समजूत मुलांमध्ये पसरलेली असते. ती सोडून द्या. नायट्रिकमध्ये तीन आहेत, सल्फ्युरिकमध्ये चार. 'इक' आणि 'अस' आकडा सांगत नाहीत, तुलना सांगतात. एकाच मूलद्रव्याच्या दोन आम्लांत ज्यात ऑक्सिजन जास्त ते 'इक', ज्यात कमी ते 'अस'. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ म्हणतो ना, तसं. त्यानं वय कळत नाही, क्रम कळतो. क्लोरीनच्या घरात तर चार भाऊ: हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक, परक्लोरिक. ऑक्सिजन अनुक्रमे एक, दोन, तीन, चार.

ही रीत 1787 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी घालून दिली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिएची खात्री होती. ऑक्सिजन या नावाचा अर्थच आम्ल घडवणारा. पुढे 1810 मध्ये डेव्ही या इंग्रज रसायनज्ञानं क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं सांगितलं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे मान्य करावं लागलं. समजूत चुकली, नाव तसंच राहिलं.

आम्लारींची नावं सोपी: धातूचं नाव आणि पुढे हायड्रॉक्साइड. फक्त लोखंडासारखा धातू दोन रूपांत वावरतो, तेव्हा पुन्हा तेच शेवट येतात, फेरस आणि फेरिक. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केलं, रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. तिथं रंगाईकाम शिकवत. रंगाऱ्यांचा हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, घातला की हिरवट साका बसतो, तो फेरस हायड्रॉक्साइड. हवेत ठेवला की तपकिरी होत जातो. फेरसचा फेरिक होताना डोळ्यांना दिसतो! जमलं तर शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर नक्की करून पाहा.

आणि आता घरातलं एक. आमच्याकडे एकदा दिवाळीच्या साफसफाईत न्हाणीघरातले डाग जाईनात, म्हणून आधी ॲसिड ओतलं आणि त्यावर कपड्यांचं ब्लीच. दोन मिनिटांत सगळ्यांना खोकल्याची उबळ, डोळ्यांतून पाणी. दार-खिडक्या उघडून बाहेर पळालो म्हणून निभावलं. ब्लीचच्या बाटलीवर बारीक अक्षरात नाव होतं, सोडियम हायपोक्लोराइट. शेवट 'आइट', म्हणजे तो हायपोक्लोरस आम्लाचा क्षार. फरशीवर ओतलेल्या ॲसिडच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक. दोन्हींत क्लोरीन आहे, हे दोन्ही नावं ओरडून सांगत होती. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो.

तेव्हा आज रात्री न्हाणीघरातल्या बाटल्या उतरवा आणि मुलांकडून त्यांच्यावरची नावं मोठ्यानं वाचून घ्या. 'हायपोक्लोराइट' लिहिलेली बाटली आणि ॲसिडची बाटली वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा. नमस्कार.